कनातीच्या अलीकडे

९ सप्टेंबर १९७३

तंबू मिळाला एकदाचा. आष्टीच्या सर्जेरावांच्या टुरिंग टॉकीजचा. पावसाळ्यात त्यांचे खेळ बंद असतात, तंबू गुंडाळून पडलेला असतो. पंचायतीनं भाड्यानं घेतला. दिवाळीला परत द्यायचा, पाडव्यापासून त्यांचा हंगाम सुरू होतो.

ओढ्याकाठची माळवदं बसून चार दिवस झाले. दुष्काळाची दोन वर्षं छपरांवर कोणी माती टाकली नव्हती. टाकणार कोण? सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं. तडकलेल्या छपरांवर यंदा पाणी मुरलं, वर ओढा आत शिरला. जीव कुणाचा गेला नाही. खालचा बौद्धवाडा पूर्ण गेला, त्याला लागून मराठ्यांची आठ-दहा घरं गेली. मराठे मारुतीच्या पारावर निजतात, बौद्धवाड्यातले शाळेच्या वऱ्हांड्यात. पारावर त्यांना कोणी बोलावलं नाही. हे मी सभेत बोलले. आमचे सरपंच काकासाहेब पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

तंबू सगळ्यांना एकच, हे मात्र ठरावात घालून घेतलं.

१० सप्टेंबर

मी दोर घेऊन गेले होते. प्रत्येक कुटुंबाला मोजून जागा द्यायची, मध्ये दोर बांधायचा. व्यवस्था माझ्याकडे आहे, तेव्हा ती नीट व्हायला हवी.

पोचले तर सगळं आधीच लागलेलं! सर्जेरावांनी तंबू उभा केला तो खेळासाठी करतात तसाच. दोन दारं, मधोमध लांबच लांब कनात, एका दारावर ‘बायका’ पाटी, दुसऱ्यावर ‘पुरुष’. लोक आले आणि सवयीनं आत शिरले. लेकरं घेऊन बायका डावीकडे, गडी उजवीकडे. सगळ्या वळकट्या अंथरून झालेल्या.

“कोणी सांगितलं हे?” मी विचारलं.

“सांगायला कशाला लागतंय बाई,” तुळजाबाई म्हणाली. ती पारावरून आलेली, सत्तरीची असेल. “तंबूत असंच बसत्यात.”

मी म्हटलं, हा खेळ नाही, घर आहे. नवरा-बायको एका जागी राहतील. तर सर्जेराव आडवे आले. “बाई, मव्हा तंबू हाये. ह्यात बाया-मानसं येका जागी बसवली अशी बोंब झाली तर दिवाळीला मव्ह्या खेळाला चांगल्या घरची बाई येईल का?”

उद्या बदलू म्हटलं. दोर घेऊन परत आले.

११ सप्टेंबर

बदललं नाही. सकाळी गेले तर ऊन वर आलेलं आणि सगळ्या बायका झोपलेल्या. सगळ्या. अशा वेळी एकही बाई झोपलेली मी या गावात पाहिली नव्हती. उठवायला तोंड उघडलं होतं. पण तंबूच्या भोकांतून उजेडाच्या टिकल्या त्यांच्या अंगावर पडल्या होत्या, वाऱ्यानं कापड वर जाई, खाली येई, आणि टिकल्या हलत. जणू पाण्याच्या तळाशी निजल्या आहेत.

बाहेर येऊन उभी राहिले. स्वतःचाच राग आला.

१४ सप्टेंबर

तुळजाबाईनं आणि तिच्या सोबतिणींनी आपल्या गोधड्या पार खांबाशी ओढल्या होत्या. मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा, पलीकडे बौद्धवाड्यातल्या बायका. काल रात्री पाऊस आला. गळलं ते नेमकं खांबापाशीच. आज सगळ्या एका ढिगात आहेत. सत्यशीलेच्या गोधडीत तुळजाबाई. सत्यशीला म्हणजे आमचे बौद्धवाड्यातले सदस्य तातेराव यांची सून.

“काय तुळजाबाई, इकडे कशा?”

“थंडीला जात नसती बाई,” म्हणाली, आणि पांघरूण नाकापर्यंत घेतलं.

१६ सप्टेंबर

नवी रीत सुरू झाली आहे. उठल्यावर, तोंड धुवायच्या आत, सगळ्यांनी रात्रीची स्वप्नं सांगायची.

कारण मला कळलं ते असं. इथे दळण नाही, पहाटेचं पाणी नाही, गोठा नाही. खिचडी पंचायतीची, शिजवायची पाळी आठवड्यातून एकदा. कनातीच्या अलीकडे नवरा नाही. जन्मात पहिल्यांदा या बायकांची झोप पुरी होते आहे. स्वप्नाला शेवटपर्यंत जायला जागा मिळते.

तुळजाबाईच्या स्वप्नात तिची मेलेली म्हैस आली. “चुलीपाशी मांडी घालून बसली व्हती. म्हने, तुळजा, किती वाळलीस गं.” हसून हसून लोळल्या. तुळजाबाई हसली नाही. “खरंच म्हनली,” म्हणाली आणि डोळे पुसले.

हा आळस आहे, असं माझं मत मी त्यांना सांगितलं.

१९ सप्टेंबर

कामाचं. दिवाळीपर्यंत पत्र्यांच्या शेड उभ्या करायच्या, तालुक्याला परतूरला पत्रे मंजूर आहेत. जागा पंचायतीनं ठरवायची. खरा घोळ इथे आहे. काकासाहेब म्हणतात, ज्याची जागा त्याला— म्हणजे परत ओढ्याकाठी. मी म्हणते, वर गायरानात. पाणी तिथे कधी चढलेलं नाही. पण गायरानाला काकासाहेबांचं शेत लागून आहे, आणि त्यांचा बांध दर वर्षी थोडा थोडा गायरानात चालत येतो हे गावाला ठाऊक आहे. तिथे माणसं राहायला आली की बांध थांबणार.

आम्ही सात सदस्य. काकासाहेब आणि त्यांचे दोघे खाली म्हणणार. मी आणि तातेराव वर. किराणावाला पुंजाराम तळ्यात-मळ्यात. सातव्या उषाबाई. त्या म्हणजे रामराव. दोन वर्षांत उषाबाई सभेला एकदाच आल्या, पहिल्या दिवशी. त्यानंतर त्यांच्या खुर्चीवर नवरा बसतो, त्यांची सही नवरा करतो. आणि रामराव काकासाहेबांच्या शब्दाबाहेर नाहीत.

ठराव पडला तर ही सगळी माणसं पुन्हा ओढ्याच्या तोंडी. पुढच्या पावसाळ्यात तंबू मागायला मी पुन्हा जाईन की काय.

२० सप्टेंबर

उषाबाई तंबूतच आहेत! दहा दिवस मी त्यांना पाहत होते पण ओळखलं नाही, पदर इतका पुढे असतो. त्यांच्या घराची फक्त स्वयंपाकघराची भिंत पडली. रामराव घरातच राहिले, या वळकटी घेऊन तंबूत आल्या.

संध्याकाळी रामराव कनातीपाशी येऊन हाका मारतात.

“आगं ये, चल घरी. भिंत झाली लिपून.”

आतून आवाज: “तुळईचा भरोसा न्हाई.”

भित्री बाई. हिच्या मतावर माणसांची घरं अवलंबून!

२२ सप्टेंबर

आज पहाटे जरा लवकरच गेले. तपासणीला. त्या गोल करून बसल्या होत्या. मी मागे उभी राहिले.

सत्यशीला सांगत होती. तिच्यासारखी स्वप्नं कुणालाच पडत नाहीत, सगळ्या तिच्यासाठी थांबतात. बारीक आवाज, डोळे मिटलेले.

“पानी आल्तं. पन आवाज न्हाई कसलाच. मव्हं जातं भाकरीवानी हलकं झाल्तं, तरंगून राह्यलं व्हतं. मी मागं मागं. ते चढाला लागलं. गायरानात लिंबाखाली जाऊन टेकलं. मंग मी दळायला बसले. तर पीठच न्हाई, नुस्ती कोरडी माती पडून राह्यली. ऊन ऊन. इतकी बरी लागली हाताला. मंग खाली बघितलं तर आमच्या वाड्यावर पानी, आन् पान्याच्या खालून लेकरं हाका मारून राह्यली. जशी खेळताना मारत्यात तशी. त्यायला कळतच न्हाई ते पान्यात हायेत म्हनून.”

सत्यशीलेनं डोळे उघडले.

मग तुळजाबाईनं विचारलं, “उषा, तुला काय पडलं?”

“मला पडतच न्हाई मावशी.”

“आसं कसं?”

“झोपच लागत न्हाई तर सपान कुठून पडंल.”

२५ सप्टेंबर

गेले काही दिवस दुपारी पुराच्या खुणा घेत फिरते आहे. पिंपळाला गेरू लावला, मारुतीच्या पायरीला लावला. सभेत आकडे ठेवीन, म्हणजे वाद उरणार नाही.

उन्हातून तंबूत आले. पाणी मागितलं, खांबाला टेकले, आणि झोपले. मी! उठले तेव्हा अंगावर कुणाची तरी गोधडी आणि भोवती सगळ्या कुजबुजत बोलणाऱ्या. हैदराबादच्या वसतिगृहात आम्ही वीसजणी एका खोलीत निजत होतो. मच्छरदाण्या वाऱ्यानं फुगायच्या, पांढऱ्या नावा निघाल्यासारख्या. त्यानंतर इतक्या बायकांच्या श्वासात मी झोपले नव्हते. लग्न, शाळेतली नोकरी, मग हे वारल्यानंतरचं रिकामं घर. क्षणभर कळेना मी कोणत्या गावात आहे. कळू नये असंही वाटलं.

“काय पडलं बाई?” तुळजाबाईनं लगेच विचारलं.

काही नाही म्हटलं. खोटं बोलले. काय पडलं ते इथेही लिहिणार नाही.

२८ सप्टेंबर

घट बसले. काकासाहेबांनी सभा तीन तारखेची ठरवली.

रामराव आज पुन्हा. “तुळईला टेकू दिलाय, आता तरी चल. लोक हासून राह्यलेत मला. हातानं भाकरी थापतो मी.”

“टेकूचा भरोसा न्हाई.”

कनातीच्या त्या बाजूनं कोणी गडी ओरडला, “रामराव, हिकडं या, आमच्यात झोपा. भाकरी आम्ही देतो.” दोन्ही बाजू हसल्या. कनात हलली.

मी उषाबाईंना गाठलं. सरळ विचारलं— सभेला येणार का? तुमचं मत काय?

“मत त्यायचं असतंय,” म्हणाल्या. “मला बोलता येत न्हाई बाई तसल्या जागी.”

“बोलायला काय लागतं?”

“तुमच्यावानी लागतंय. मोजमाप, आकडं. मला काय म्हाइतीये?”

मी म्हटलं, दोन वर्षं तुमच्या नावानं सगळे ठराव होत आहेत. रागानंच म्हटलं. त्यांनी पदर पुढे घेतला. मी नेहमीसारखी चूक केली. वर्गात पोरीला उभं करून विचारलं की पोर गप्प होते, हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

१ ऑक्टोबर

पुंजारामकडे गेले. वर शेड झाल्या तर त्याच्या दुकानावरूनच सगळे जातील, हे त्यालाही दिसतं. “पन बाई, काकासाहेबांशी वाकडं घेऊन कसं चालंल? उषावहिनी जिकडं जातील तिकडं मी.” म्हणजे रामराव जातील तिकडे. म्हणजे ओढ्याकडे.

३ ऑक्टोबर

सभा सुरू झाली. मी खुणा सांगितल्या, उंची सांगितली. काकासाहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, तुमचा अभ्यास दांडगा. पन आसं पानी चाळीस वर्षांत येकदा येतं. त्यासाठी गुरांचा घास काढायचा का?” त्यांच्या दोघांनी माना हलवल्या. उषाबाईंच्या खुर्चीवरून रामरावांनीही.

दार ढकललं गेलं. उषाबाई.

रामराव हसले. “काय गं, भाकरी घेऊन आलीस का काय?”

त्या उभ्याच. मी म्हटलं, “सदस्य उभ्या आहेत. खुर्ची मोकळी करा.”

“आता नवरा-बायकोत खुर्ची कोनाची आन् काय—”

“मोकळी करा.”

उठले. भिंतीला टेकून उभे राहिले, हसतच. उषाबाई बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या, जमिनीकडे बघत.

“मला सपान पडलं. पानी आल्तं. पन आवाज न्हाई कसलाच. मव्हं जातं भाकरीवानी हलकं झाल्तं...”

शब्दन् शब्द तोच. जातं चढाला लागलं, लिंबाखाली टेकलं, कोरडी ऊन माती पडली. लेकरांच्या हाकांशी त्या आल्या तेव्हा त्यांचा आवाज चिरला. तो त्यांचा स्वतःचा होता. तेवढाच.

माझ्या आकड्यांवर बोलायला सगळ्यांकडे काहीतरी होतं. यावर कुणाकडे काही नव्हतं.

पुंजारामनं हात जोडले. “नवरात्राचं सपान हाये, काकासाहेब. घट बसलेत. हे मोडून मी न्हाई बा खाली म्हननार.”

“सपनावर पंचायत चालती का?” काकासाहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्यांच्या घरीही घट आहेत.

हात वर करायला सांगितले. तातेराव, मी, पुंजाराम. आणि उषाबाई— कोपरापर्यंतच उचलला, पण उचलला. रामराव म्हणाले, “आगं काय करून राह्यली?” उषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

चार विरुद्ध तीन. शेड गायरानात.

४ ऑक्टोबर

सत्यशीलेला विचारलं. ती केस विंचरत होती.

“मीच दिलं,” म्हणाली. “रातीच्याला उषाबाई म्हनल्या, मला बोलायला काही न्हाई. मी म्हनलं, मव्हं घ्या. आमचं सपान तिथं कोन आयकतं? सासरे तिथं बसत्यात, त्यांचंबी आयकत न्हाई.”

“आणि तुला?”

“मला काय, दुसरं पडंल.”

मी पिंपळाला गेरू लावत गावभर फिरले होते. हसू आलं. बराच वेळ आवरेना. सत्यशीला घाबरून बघत होती, बाईंना झालं काय.

६ ऑक्टोबर

दसरा. तातेरावांनी गायरानात लिंबाखाली बुद्धवंदना घेतली. तुळजाबाईनं आपट्याची पानं सगळ्यांना वाटली. सत्यशीलेला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला.

९ ऑक्टोबर

पत्रे आले. खांब रोवणं चालू. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. उषाबाई रोज दुपारी वर येतात, नुसत्या उभ्या राहून बघतात. आपल्या मतानं काय झालं ते बघायला येत असतील. मला अभिमान वाटला. तसं त्यांना म्हटलंही. त्यांनी रोवलेला खांब हलवून बघितला.

१७ ऑक्टोबर

बायकांना जायचं आहे आणि जायचं नाही. स्वप्नं घाईघाईनं सांगतात, दोघी-दोघी एकदम बोलतात. तुळजाबाई म्हणते, “खोलीत गेल्यावर कुठलं सपान. म्हातारं घोरतंय.” वारा गार झाला आहे. तंबू आता पहाटे निळा दिसतो, आतून. त्या निळ्यात त्यांचे आवाज ऐकत मी उभी असते. तपासणी म्हणणं सोडून दिलं आहे.

२३ ऑक्टोबर

खोल्या दिल्या. एका रांगेत, मध्ये फट न ठेवता. बौद्धवाडा कुठे संपतो आणि मराठे कुठे सुरू होतात ते रांगेवरून कळू नये म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. दोघं-तिघं कुरकुरले. त्यांना ओढा दाखवला.

शेवटची खोली उरली. ज्यांची होती ते औरंगाबादला लेकाकडे गेले.

२४ ऑक्टोबर

सर्जेराव तंबू घेऊन गेले. कनात आधी उतरवली. अलीकडची आणि पलीकडची माणसं क्षणभर एकमेकांकडे नवख्यासारखी बघत राहिली. मग खांब काढले आणि कापड सावकाश, श्वास सोडत खाली आलं. जिथे दीड महिना निजली होती तिथलं गवत पिवळं पडलं आहे. लांबट, माणसामाणसाएवढं.

रामराव घर सारवून, रांगोळी काढवून घेऊन वाट बघत होते. मी उषाबाईंना म्हटलं, झालं, आता निर्धास्त जा.

२५ ऑक्टोबर

पहाटे वर गेले. शेवटच्या खोलीसमोर उषाबाई वळकटीवर बसलेल्या.

“कुणासाठी?” मी विचारलं.

“मह्यासाठी.”

“आणि रामराव?”

“त्यायला घर हाये.”

कुलूप काढून दिलं. आज दिवसभर आत झोपल्या आहेत. मी दाराशी बसले आहे, कोणी उठवू नये म्हणून.